सगळ्या सीटांना एकच कव्हर

कन्हेरी, सोमवार

प्रिय नईम,

तू पाठवलेली कव्हरं शकुबाईच्या पिशवीत परत घातलीत. बॉक्सवर लिहिलंय, सगळ्या गाड्यांना बसतात. सगळ्यांना बसतं ते कुणालाच नीट बसत नाही, एवढं मला चौथी शिकलेल्या बाईला कळतं, तुला दुकान चालवून कळू नये? आपल्या जुन्या वॅगनारची मागची सीट एकसंध, कव्हर दोन तुकड्यांचं. पुढच्या सीटवर चढवलं तर बाजूनं पोटासारखं लोंबतं, कुणी बसलं की अंगाखाली गोळा होतं. वर बसायच्या जागेवर मधोमध शिवणी. मी तुला फोनवर एवढंच म्हणाले होते, की सीटांचं काम काढलंय. तू लगेच मोबाईलवर बोट दाबून हा बॉक्स धाडलास आणि मोकळा झालास. मी कव्हर मागितलं नव्हतं. तुझ्या साजियाच्या निकाहला अब्बा वकील म्हणून, म्हणजे तिची कबुली विचारायला, इंदापूरला येणार आणि ते या गाडीतनं येणार, म्हणून काम काढलंय, हे पण तेव्हाच सांगत होते. तू मधेच म्हणालास, अब्बांना कशाला त्रास आपा, आपण व्हिडिओ कॉल लावू.

आता हे फोनवर का बोलत नाही, असं विचारशील. फोनवर तू गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवतोस, नाही ठेवलास तर स्पीकरवर टाकतोस. मग तुझी बायको, तुझा मेहुणा आणि फरशी बघायला आलेली माणसं, सगळी आपलं घर ऐकत बसतात. शकुबाई लेकीकडं इंदापूरला चाललीय, तिच्या हाती देते. तिला वाचता येत नाही, दुसऱ्याचं उघडायची खोडही नाही, तरी पाकीट चिकटवलंय. गल्ल्यावर बसून वाचू नकोस. मागं गोदामात जा आणि एका बैठकीत वाच.

कव्हरांसाठी मी बारामतीला भिगवण रोडला अविराजच्या दुकानात गाडी घातली. तो पोरगा सीटा बाहेर काढून मापानं शिवून देतो. दुकानात शिरले तर त्यानं आधी मोबाईल पुढं केला. काकी, हे डायमंड बघा, आता हेच चालतंय, चौकटी चौकटीची शिलाई, मरून रंग, काळी किनार, जुनी गाडी नवरीसारखी दिसंल. मी म्हटलं, नवरी घरात दुसरी आहे, तू शिलाईचं बोल. बसायच्या जागेवर मला एक सुद्धा सुई लागलेली नको. तो हसला. म्हणाला, काकी, शिवणीबिगर कव्हर म्हंजी ताडपत्रीच की. मी म्हटलं, मग ताडपत्री शिव, पण मापात शिव. त्याला वाटलं बाईला भाव पाडायचाय. तो उगाच समजूत काढायला लागला, की मधे शिवण नसली तर सीटच्या खोलगट भागात रेक्झिन उभं राहतं, चुण्या पडतात, दिसायला घाण दिसतं, लोक म्हणतील अविराजनं कसलं काम केलं. मी त्याला सांगितलं, लोकांना मी सांगीन हट्ट माझा होता, तू चुण्यांचं काय करायचं ते कर.

त्यानं केलं. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा जमलं. बसायचा भाग सगळा एका तुकड्याचा. शिवणी बाजूला, सीटच्या कडेच्या खाली उतरवलेल्या, आतनं पट्टी चिकटवलेली. बसायची गादी आणि पाठ जिथं मिळतात ना, त्या फटीत रेक्झिन वीतभर आत घालून मागनं बांधलंय, म्हणजे वरनं काही आलं तरी आत उतरायला वाट नाही. रेक्झिन उन्हाळ्यात भाजतं, थंडीत गारठतं, म्हणून त्याच्यावर सुती कापडाचं दुसरं कव्हर, काढून धुता येईल असं, दोन जोड. कापड सोलापुरी चादरीचं. ते बघून अविराजचं तोंड आंबट झालं, म्हणाला, काकी, माझं नाव कुणाला सांगू नका. त्याला ते वरचं कव्हर चरचर वाजणाऱ्या वेल्क्रोच्या पट्टीनं लावायचं होतं. मी पट्टी ओढून बघितली. अंगणात ओढली तर आवाज चौकापर्यंत जाईल. कव्हर कधी काढलं आणि का काढलं, ते गावाला कळायचं काय कारण? टिचबटणं लावून घेतली. रंग तपकिरी. काळा तापतो, आणि तो साईच्या रंगाचा तुझ्या गाडीसारखा, त्याच्यावर सगळंच दिसतं.

सीटा काढल्या तेव्हा जुन्या स्पंजातनं मिरचीची धूळ उडाली. अविराज आणि त्याचे दोन कारागीर शिंकून बेजार. अब्बांनी एवढी वर्षं सुप्याच्या बाजाराला मागची सीट पाडून मिरची-धन्याची पोती नेली, आता मी नेते, त्या गाडीला दुसरा कसला वास येणार? घरी येऊन हे अब्बांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, पोरगा कुणाचा? मी नाव सांगितल्यावर म्हणाले, त्याचा आजा सुप्याच्या बाजारात घोंगड्या विकायचा, डाव्या डोळ्यानं अधू होता, मिरची उधार न्यायचा आणि पुढच्या बाजारी न मागता आणून द्यायचा. दुसऱ्या दिवशी मी अविराजला विचारलं तर आजा तोच निघाला. मग त्यानं टिचबटणं जास्तीची लावली.

आता तुला उमगलं असेल, सुईच्या भोकाचं मला एवढं का पडलंय. भोकातनं पाणी खाली स्पंजात जातं. स्पंजात गेलं की वास बसतो. डायपर आहेत, तो शहाणपणा मला सांगू नकोस, मीच आणते. डॉक्टरांनी अब्बांच्या ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं की काही दिवस असं होईल, काही जणांचं राहतं. अब्बांचं राहिलं. पण डायपर कधी सरकतो, कधी भरतो, रस्ता लांब, खड्डे. माणसाला खालच्या सीटचा भरवसा असला की तो निवांत बसतो. भरवसा नसला की तो सगळा रस्ता मुठी आवळून बसतो. तसं बसलेलं मी त्यांना बघितलंय. तू पण बघितलंयस, तुझ्या शेजारीच बसले होते.

त्या दिवशी मी मागच्या सीटवर होते, म्हणून मला सांगू नकोस की काही झालंच नाही. ईद करून आपण इंदापूरहून निघालो होतो. तुझी नवी गाडी, सीटांवरचं प्लास्टिक नुकतंच काढलेलं. निमगाव केतकी गेल्यावर अब्बांनी एकदा म्हटलं, जरा थांबव. तू म्हणालास, पुढं पंपावर थांबू. पंपावर थांबलास तोवर व्हायचं ते झालं होतं. तू ओरडला नाहीस, ते मी मान्य करते. ओरडला असतास तर बरं, मी तुझ्यावर ओरडले असते आणि भांडण तिथंच मिटलं असतं. तू गाडीच्या मागं गेलास, डिकीतनं खताची रिकामी गोणी काढलीस, पंपावरच्या सगळ्या माणसांसमोर ती खाड खाड झटकलीस, सीटवर पसरलीस आणि म्हणालास, बसा आता. अब्बा बसले. कन्हेरी येईपर्यंत ती गोणी त्यांच्या अंगाखाली वाजत होती आणि तू गाणी लावली होतीस. घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. आधी बादली आणली आणि तुझी सीट स्वतः धुतली, वाकून, तीनदा पाणी घालून. तू अंगणात उभा राहून फोनवर बोलत होतास. मी हातातलं फडकं घ्यायला गेले तर त्यांनी दिलं नाही.

त्या दिवसापासून ते कुणाच्या गाडीत बसले नाहीत. दवाखान्याची तारीख चुकवली, डॉक्टरला मी घरी बोलावला. जुम्म्याला मशिदीत जायचं सोडलं, घरातच मुसल्ला टाकून नमाज पढतात. मला तोंडानं सांगितलं नाही, पण मी ओळखलं, की आपण पाक आहोत का नाही याचा त्यांना भरवसा राहिला नाही. दारावर कुणी बोलवायला आलं की आतनं खोकतात, म्हणजे तब्येत बरी नाही असं वाटावं. बाजाराचं सगळं मला बसल्या जागी सांगतात, कुठल्या आडत्याची मिरची ओली असते, कुणाच्या धन्यात काड्या. फक्त उंबरा ओलांडत नाहीत.

तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. तुला घाण सहन होत नाही, लहानपणापासूनच. पण तुला आठवत नसलेलं एक सांगते, कारण तू तेव्हा चार-पाच वर्षांचा होतास आणि मी मोठी होते. गाडी नव्हती, टेंपोनं बाजार करायचो. सोमेश्वरनगरहून परत येताना तू मिरचीच्या पोत्यांवर झोपलास आणि झोपेत दोन पोती भिजवलीस. टेंपोत बाकीचे व्यापारी होते. अब्बांनी तुला उचललं, स्वतःचा शर्ट काढून तुझ्या कमरेला गुंडाळला आणि सगळ्यांना सांगितलं, पाण्याचा कॅन लवंडला माझ्याकडनं. घरी येऊन दोन्ही पोती उकिरड्यावर ओतली. अम्मी म्हणाली, वाळवून विकता आली असती. अब्बा म्हणाले, लोकांच्या कालवणात जातं ते. एवढंच. तुला कुणी कधी चिडवलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही.

आता मुख्य गोष्ट. मी पुढच्या एकाच सीटचं कव्हर करून थांबू शकले असते. अविराज तेच म्हणत होता, काकी, पेशंट पुढं बसणार ना, मग पुढचंच साधं करा, बाकीचं डायमंड करू. मी नाही म्हटलं. एकाच सीटला केलं तर ती गोणीच झाली, फक्त मापात शिवलेली. दार उघडल्या उघडल्या माणसाला कळणार, ही त्याची जागा. म्हणून माझ्या सीटला तेच, त्यांच्या सीटला तेच, मागच्या आख्ख्या सीटला तेच. तेच रेक्झिन, तेच सोलापुरी कापड, तीच बटणं. जो कोणी त्या गाडीत बसेल तो त्याच्यावरच बसेल, मग तो नवरीचा बाप का असेना. पुढची दोन झालीत. मागची येत्या दोन-चार दिवसांत होते.

परवा पुढची दोन बसवून गाडी अंगणात लावली आणि मुद्दाम काही बोलले नाही. भाकरी थापत बसले. खिडकीतनं दिसत होतं. अब्बा बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, टायर बघितल्यासारखं केलं. मग दार उघडलं. वरचं कापड उचकटून खाली रेक्झिन बघितलं, फटीत हात घातला, बाजूच्या शिवणी बोटानं चाचपल्या. आत वळून मला म्हणाले, रोशन, हे उन्हात तापंल. मी म्हटलं, म्हणून वर कापड आहे. थोड्या वेळानं म्हणाले, बटणं चांगली लावल्यात. मग बसले. गाडी बंद, किल्ली माझ्या कमरेला, आणि ते आपले पुढं बघत बसलेले, हात मांडीवर, बोटं मोकळी. तव्यावरची भाकरी करपली ती मी करपू दिली. उठताना त्यांनी विचारलं, मागं पण असंच करणार का? मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, मागं कोण बसणार? मी तव्याकडं वळले, कारण ते सांगणं माझ्या हातात नव्हतं. ते आत गेले.

मी दोनदा विचारलं, अब्बा, निकाहला चलायचं ना. ते म्हणतात, तुम्ही जा, पोरीला माझी दुआ सांगा, नईमची सोयरिक मोठी आहे, तिथं अवघड होईल. स्वतःला अवघड होईल असं म्हणत नाहीत, तुला होईल म्हणतात. म्हणजे गाडी मी कितीही चांगली करून घेतली तरी ते माझ्या सांगण्यावर येणार नाहीत. आणि आपल्या घरात मुलीच्या बापानं वकिलाला दारात येऊन सांगायची रीत आहे, ती तुला माहीत आहे. माझ्या वेळी दादांनी, अब्बांच्या वडलांनी, मला विचारलं होतं, कबूल आहे का. माझ्या मुबशिराला अब्बांनी विचारलं. ती पोर इतका वेळ गप्प राहिली, की बायका तिला कोपरानं ढोसायला लागल्या, मौलाना बाहेर खोळंबलेले. अब्बा म्हणाले, कुणी हात लावू नका, तिला विचार करू द्या, नाही म्हणाली तरी मी तसंच बाहेर जाऊन सांगीन. मग ती हो म्हणाली. आजही ती म्हणते, अम्मी, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मला खरंच विचारतायत. साजियाला असं विचारणारं माणूस पाहिजे. तुझा मेहुणा घड्याळ बघत विचारील.

मी हे सगळं सीटांसाठी लिहिलं असं समजू नकोस, सीटा तुझ्याशिवाय पण झाल्या असत्या. काल साजियाचा फोन आला. चोरून केला होता, गच्चीवरनं. आधी कपड्यांचं बोलली, मेंदीचं बोलली, मग आवाज बारीक करून म्हणाली, फुफी, एक विचारू, दादांना आता माणसं खरंच ओळखू येत नाहीत का? मी म्हटलं, कोण म्हणालं? ती म्हणाली, पप्पांनी तिकडच्या लोकांना सांगितलंय, की अब्बांना विसर पडलाय, कुणाला ओळखत नाहीत, म्हणून वकील मामा होणार. मला पण तेच सांगितलंय. मग विचारते, मी भेटायला आले तर मला ओळखतील का? नईम, ती रडत होती. दादा जिवंत असून गेले असं समजून रडत होती. माझ्या तोंडावर आलं होतं सगळं. पण तू तिचा बाप आहेस, निकाहच्या तोंडावर तिच्या बापाला मी तिच्यासमोर खोटं पाडायचं का, म्हणून जीभ चावली. मी तिला एवढंच म्हटलं, गुरुवारी सांगते. आज सोमवार. गुरुवारी मगरिबच्या आत, दिवेलागणीच्या आधी, तू कन्हेरीला येऊन अब्बांना तोंडानं सांगायचं, की साजियाला विचारायला तुम्हीच चला. तिकडच्या लोकांनाही खरं काय ते तूच सांगायचं, आणि रविवारी निकाहला आमच्या गाडीत मागं बसून अब्बांबरोबर मांडवापर्यंत यायचं. येणार असशील तर तसं कळव. येणार नसशील तर ते पण कळव. मगरिबची अजान झाली की मी साजियाला फोन लावणार, कारण तिनं विचारलेल्याचा जबाब मी तिला कबूल केलाय. तो जबाब तिला तुझ्याकडनं मिळायचा का माझ्याकडनं, एवढंच तुझ्या हातात राहिलंय. गुरुवारी सांग.

तुझीच,
आपा